घाटाअलीकडचे रविवार

मार्च अर्धा उलटला की टौरंगात आमच्या घरासमोरून ट्रक जायला लागतात. सकाळी रिकामे लाकडी खोके घेऊन बागांकडे, दुपारी भरलेले खोके घेऊन पॅकहाउसकडे, जिथे फळ निवडून पेट्यांत भरतात. भरलेल्या ट्रकचा आवाज वेगळा असतो. तो चढावर कण्हतो, वळणावर दम घेतो, आणि आमच्या ओट्यावरची काचेची बरणी किंचित थरथरते. किवीफ्रूट उतरवायचे दिवस आले. गाव खुशीत असतं. सगळ्यांना काम असतं, दुकानांत गर्दी असते, बागांच्या उंच हिरव्या कुंपणांमागून अनोळखी भाषांमधलं हसणं ऐकू येतं. आणि माझ्या पायांत काहीतरी शिरतं.

यंदाही शिरलं. कपडे वाळत घालताना पहिला ट्रक गेला, आणि हातातला टॉवेल तसाच दोरीवर टाकून मी घरात आले. आत का आले ते आठवेना, म्हणून पुन्हा बाहेर गेले. टॉवेल सरळ केला. परत आत. माझी नऊ वर्षांची मुलगी रेवा पायरीवर बसून हे बघत होती.

"आई, यू आर डुइंग द वॉकिंग थिंग अगेन," ती म्हणाली.

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी म्हटलं, "काही नाही गं, काम करतेय." तिने खांदे उडवले. तिला तो हंगाम आठवतच नाही. ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्या हंगामातला फक्त एग टार्ट तिच्या लक्षात आहे, पिवळाधमक, मधोमध थरथरणारा, आणि त्याचे पापुद्रे फ्रॉकवर सांडायचे ते.

मला मात्र सगळं आठवतं.

२०१६ सालचा फेब्रुवारी. आम्ही ऑकलंडला, ओटाहुहुत राहायचो. माझा नवरा प्रसाद इंजिनिअर आहे, कारखान्यातली यंत्रं आपोआप चालतात त्यामागचं डोकं सांभाळणारा. त्याच्या कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात त्याची नोकरी गेली. इथे त्याला रिडंडंट होणं म्हणतात, आणि तो शब्द फार मऊ आवाजात उच्चारतात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. "मी नाही गं, जागा रिडंडंट झालीय," प्रसाद म्हणायचा. भांडी घासताना म्हणायचा, रेवाच्या बुटाची नाडी बांधताना म्हणायचा. मग त्याने गॅरेज आवरलं. मग तेच गॅरेज पुन्हा आवरलं. एकदा मी ऑफिसातून आले तर तो जेवणाच्या टेबलाशी बसून मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीतून जिऱ्याचे दाणे वेचत होता. एकेक. चष्मा लावून. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कितीतरी वेळ दारात उभी राहिले.

माझं नेमकं त्याच महिन्यात उलटं झालं होतं. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात मला टीम लीड केलं होतं. पेढे आणले होते, पण ते प्रसादसमोर उघडावेत की नाही ते कळेना. शेवटी त्यानेच उघडले. आणि पेढा खाताखाताच त्याने सांगितलं, टौरंगात किवीफ्रूट निवडणाऱ्या यंत्रावर माणूस हवाय.

"हंगामापुरतं," तो म्हणाला.

"हंगामापुरतंच ना," मी म्हणाले.

असा तो गेला, आणि आम्ही दोघी राहिलो.

सुरुवातीला तो शुक्रवारी संध्याकाळीच यायचा. मग फळ धो धो उतरायला लागलं, यंत्र दिवसरात्र चालायला लागलं, आणि त्याच्या हातात उरला फक्त रविवार. सकाळी तिकडून निघायचं, कायमायचा घाट ओलांडायचा, गाईंच्या सपाट कुरणांमधून यायचं. ऑकलंडच्या अलीकडे डोंगरउतारावर कांद्याची शेतं आहेत आणि तिथे खरोखरच बॉम्बे नावाचं गाव आहे. तिथे पेट्रोल भरताना तो फोन करायचा. "बॉम्बेला पोचलो." मी पुण्याची. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने इतक्या ऐटीत बॉम्बेला पोचावं याचं मला पहिल्या वेळी हसू आलं होतं. नंतर हसू येईना. नंतर त्या फोनची मी सकाळपासून वाट बघायचे. तो आला की घरातलं काहीही अर्धवट सोडून रेवाला गाडीत बसवायचे आणि माझ्या ऑफिसजवळच्या त्या चिनी रेस्टॉरंटला निघायचे.

तिथेच का, याला कारण नाही. पहिल्या रविवारी मी स्वयंपाक केला नव्हता आणि रेवाला भूक आवरत नव्हती, एवढंच. पण एकदा गेलो आणि मग जातच राहिलो. डिमसम म्हणजे वाफवलेले छोटे छोटे चिनी पदार्थ, आणि त्यांच्या सकाळच्या खाण्याला इथे सगळे 'यम चा' म्हणतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ नुसता चहा पिणं. पण मराठी कानाला ते काय ऐकू येतं ते सांगायला नको. डोंबिवलीला फोनवर सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "यमाचा? अगं रविवारी सकाळी काय हे अभद्र!"

गालिच्यांच्या दुकानाच्या वर होतं ते. जिना चढतानाच आवाज अंगावर यायचा. वर एक भलामोठा दिवाणखाना, लाल खुर्च्या, आणि गोल गोल टेबलांभोवती आख्खी खानदानं. आज्या, नातवंडं, पाळण्यातली बाळं. मधल्या बोळांतून बायका ट्रॉल्या ढकलत फिरायच्या आणि प्रत्येकजण आपापला माल ओरडून सांगायची. भाजीमंडईत सांगतात तसाच, फक्त आपल्याला न कळणाऱ्या भाषेत. ट्रॉलीवर बांबूच्या छोट्या करंड्यांचे मनोरे. बाई झाकण उचलायची आणि वाफ तोंडावर यायची, ओल्या बांबूच्या, आल्याच्या, तिळाच्या तेलाच्या वासाची. आवडलं तर आपण मान हलवायची. ती करंडी टेबलावर ठेवून बिलाच्या कार्डावर शिक्का मारून पुढे जायची. नाही आवडलं तरी ती पुढेच जायची. त्या ट्रॉल्या कुणासाठीही थांबत नसत.

मला सगळं चालायचं नाही, पण जे चालायचं ते फार ओळखीचं वाटायचं. कोळंबीचे पारदर्शक मोदक, पाकळ्या अगदी हाताने काढलेल्या. किसलेल्या मुळ्याच्या वड्या, कोथिंबीर वडीसारख्या आधी उकडून मग तव्यावर खरपूस परतलेल्या. पहिली वडी तोंडात टाकली तेव्हा मी प्रसादकडे बघितलं आणि तो माझ्याकडे. "आईची आहे," तो म्हणाला. "माझ्या आईची जास्त कुरकुरीत असते," मी म्हणाले. आम्ही हसलो. त्या हंगामात आम्ही खूप हसलो. आता वाटतं, जरा जास्तच.

कारण टेबलावर आम्ही पाहुण्यांसारखे वागायचो. तो माझ्या कपात आधी चहा ओतायचा. मी शेवटचा मोदक त्याच्या ताटलीत सरकवायचे. "घे गं तू." "नको, तूच घे, लांबून आलायस." त्याच्या शर्टाच्या बाहीत किवीफ्रूटची बारीक लव अडकलेली असायची आणि तिने मनगट खाजायचं. बोलता बोलता तो सारखा मनगट खाजवत राहायचा, आणि टेबलाखाली माझा उजवा पाय हलत राहायचा. ऑफिस कसं चाललंय? छान. यंत्र कसं चाललंय? मस्त. गिझर पुन्हा बिघडलाय हे मी सांगायचे नाही. रेवा बुधवारी शाळेतून रडत आली हे सांगायचे नाही. त्याला उजेडात घाट ओलांडायचा असायचा. एवढ्याशा वेळात कुणी गिझर काढतं का?

पुढे पुढे त्याच्या बोलण्यात एक शब्द यायला लागला. "आमच्याकडे काल काय ऊन होतं!" "आमच्याकडे बीचवर इतकी गर्दी नसते." इंग्रजीत कदाचित हे लक्षातही आलं नसतं, तिथे आम्ही आणि आपण एकाच शब्दात दडपलेले असतात. मराठीत लपायला जागा नाही. आमच्याकडे म्हणजे ज्यात समोरचा माणूस नाही. मी चहाच्या किटलीचं झाकण तिरकं करून ठेवायचे, म्हणजे वेटर येऊन गरम पाणी घालून जातो, आणि तो येईपर्यंत त्या झाकणाकडेच बघत बसायचे.

आमच्या टेबलाला बहुतेक रविवारी मिसेस लाम असायच्या. गर्दीत तिघांच्या कुटुंबाला आख्खं गोल टेबल मिळत नाही, उरलेल्या खुर्च्यांवर दुसरं कुणी बसतं. सत्तरीच्या पुढच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, एकट्याच यायच्या. पाकुरांगाहून बसने. त्या इंग्रजीत बोलायच्या, तुटक आणि ठाम. पहिल्याच दिवशी त्यांनी रेवाला न्याहाळून सांगितलं, "टू थिन," आणि आपल्या चॉपस्टिक्सनी एक मोदक उचलून तिच्या ताटलीत ठेवला. स्वतःच्या तोंडात जाऊन आलेल्या चॉपस्टिक्सनी. माझ्यातली सदाशिव पेठ चुळबुळली. उष्टं! रेवाने तो तेवढ्यात गिळलासुद्धा. कोळंबीच्या मोदकांची ट्रॉली लांबून दिसली की मिसेस लाम अर्धवट उठून हात करायच्या, आणि दुसऱ्या टेबलाने शेवटची करंडी उचलली तर दहा मिनिटं धुसफुसायच्या. मला त्या आवडत नव्हत्या. जेमतेम मिळालेल्या आमच्या वेळात परकं माणूस कशाला, असं वाटायचं. पण त्या असल्या की आम्हाला एकमेकांशी कमी बोलावं लागतं, हेही मला कळत होतं.

मे महिन्यातला एक रविवार उजाडला तोच काळाकुट्ट. रात्रभर पाऊस पडला होता आणि सकाळीही तो थांबायचं नाव घेत नव्हता. प्रसादचा निघाल्याचा मेसेज आला. मग काहीच आलं नाही. बॉम्बेचा फोन यायची वेळ टळली. घरात थांबवेना, म्हणून मी रेवाला घेऊन टॅक्सीने थेट रेस्टॉरंटला गेले. तो परस्पर तिथेच येईल असं स्वतःला सांगितलं. तीन खुर्च्या घेतल्या. एका खुर्चीवर माझा कोट ठेवला.

टेबलावर मोबाइल उघडून बघितला. कायमाय घाटात दरड कोसळली होती. रस्ता बंद.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. रेवा म्हणाली, "इज बाबा लेट ऑर नॉट कमिंग?" मी म्हटलं, "लेट." ट्रॉल्या येत होत्या, झाकणं उघडत होती, मी प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत होते. टेबल करंड्यांनी भरून गेलं आणि मी कशालाच हात लावला नाही. उठून खिडकीपाशी जायचे, खाली पार्किंगमध्ये बघायचे, परत येऊन बसायचे. पुन्हा उठायचे. जिन्यात वाट बघणाऱ्यांची रांग लागली होती. मॅनेजर दोनदा येऊन रिकाम्या खुर्चीकडे बघून गेला. तिसऱ्यांदा तो आला आणि त्याने माझा कोट उचलायला हात पुढे केला, तेव्हा समोर बसलेल्या मिसेस लामनी आपली भलीमोठी हँडबॅग धप्पकन त्या खुर्चीवर ठेवली आणि कँटनीजमध्ये त्याला असं काही सुनावलं की तो मागच्या मागे गेला.

"हजबंड?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. घाट, दरड, फोन. सांगता सांगता पुन्हा फोन लावला.

"घाट बंद असेल तर तो दुसऱ्या रस्त्याने येत असेल," त्या म्हणाल्या. "तिकडे फोन लागत नसेल. खा आधी." माझ्या ताटलीत त्यांनी मुळ्याची वडी ठेवली. त्याच चॉपस्टिक्सनी. मी ती खाल्ली.

मग त्या आपण होऊन बोलायला लागल्या. त्या मुलांना घेऊन हाँगकाँगहून इथे आल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने तिकडची नोकरी सोडली नाही. इथे त्याच्या तोडीचं काम नव्हतं. तो वर्षातून दोनदा यायचा. "खूप घरं होती अशी. आम्ही त्या नवऱ्यांना ॲस्ट्रोनॉट म्हणायचो. कायम आकाशात," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "तो आला की आम्ही रोज इथे यायचो. मुलं खूश. तो खूश. मी केस सेट करून यायची."

"मग आता ते..."

"रिटायर झाल्यावर कायमचा आला. दोन वर्षं राहिला." त्यांनी कपातल्या चहाकडे बघितलं. "रोज सकाळी मला विचारायचा, चमचे कुठल्या खणात आहेत? मी सांगायची, तिसऱ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. विसरायचा नाही हं तो. परक्याच्या घरातला खण आपण न विचारता कसा उघडणार, तसं. मग एक दिवस म्हणाला, मी परत जाऊ का? मी म्हटलं, जा."

"भांडण झालं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच बावळट प्रश्न विचारला.

"भांडण? कधी भांडणार? दोन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाशी कोण भांडतं?"

तेवढ्यात कोळंबीची ट्रॉली दिसली, आणि त्या हात वर करून अर्धवट उठल्या.

दुपारी ट्रॉल्या बंद झाल्या. ट्रॉलीवाल्या बायका एका कोपऱ्यातल्या टेबलाशी स्वतःचं जेवायला बसल्या. मिसेस लाम त्यांच्या बससाठी निघून गेल्या होत्या. उरलेलं सगळं खोक्यांत भरून आम्ही दोघी खाली आलो आणि गालिच्यांच्या दुकानाच्या वळचणीला उभ्या राहिलो. आणि पावसातून आमची निळी गाडी पार्किंगमध्ये वळली.

आधी वाटलं पळत जावं. पाय हलले नाहीत. प्रसाद उतरला, धावत वळचणीखाली आला, रेवाला उचललं, आणि म्हणाला, "घाट बंद होता. समुद्राच्या बाजूने, करांगाहाकेच्या खिंडीतून फिरून आलो. तिथे रेंजच नाही." मग खोक्यांकडे बघून, "काही उरलंय का खायला?"

मी खोका उघडून दिला. तो उभ्याउभ्या खायला लागला. रेवाला एग टार्ट देऊन गाडीत बसवलं.

"आमच्याकडे काल रात्रीपासून नुसता कोसळतोय," तो तोंडात घास असताना म्हणाला.

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तू 'आमच्याकडे' म्हणतोस ना, त्यात कोण कोण असतं? मी असते का? रेवा असते?"

त्याचा हात खोक्यातच थांबला. "मेधा, मी पाच तास गाडी चालवून आलोय."

"मला माहितीये. म्हणूनच मी कधी काही बोलत नाही. आज बोलणारे. तुला तिथेच राहायचंय, हो ना?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्याने खोका बंद केला, मग उगाच पुन्हा उघडला.

"हो," तो म्हणाला.

"हंगाम संपल्यावरसुद्धा."

"त्यांनी विचारलंय मला. परमनंटसाठी."

"कधी विचारलं?"

"ईस्टरच्या आधी."

"ईस्टरच्या आधी! आणि तू इथे दर रविवारी बसून मला मोदक वाढत होतास?"

"मग कधी सांगणार होतो? आपल्याला मिळतात किती तास? तू छान तयार होऊन येतेस, हसतेस. मला ते मोडायचं नव्हतं."

"मी हसते कारण तू घाट ओलांडून येतोस!"

"मग मी काय रडायला येतो?"

आमचे आवाज चढले होते. दुकानातून एक धिप्पाड सामोअन माणूस खांद्यावर गुंडाळलेला गालिचा घेऊन बाहेर आला होता, तो थबकला. "यू गाइज ऑल गुड?" त्याने विचारलं.

"स्वीट ॲज, ब्रो," प्रसाद इथल्या सवयीने म्हणाला, म्हणजे सगळं झकास.

"काय स्वीट ॲज?" मी मराठीत किंचाळले. "कशाचं स्वीट ॲज? गिझर महिनाभर बंद आहे, मी पातेल्यात पाणी तापवून पोरीला आंघोळ घालतेय. शाळेत तिला कुणीतरी म्हणालं की तुझे बाबा तुला सोडून गेले. मला सहा वर्षांनी टीम मिळालीय, त्याचा आनंद मी बाथरूममध्ये जाऊन करते, कारण तुझ्यासमोर करायची चोरी. आणि तुझं आपलं, आमच्याकडे ऊन आहे!"

तो माणूस गालिचा घेऊन शक्य तितक्या लवकर गाडीकडे निघून गेला.

प्रसादने हातातला खोका खाली ठेवला. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मेधा, तिथे यंत्र बंद पडलं ना, की सगळे मला हाक मारतात. मी दिसेपर्यंत मारत राहतात. मला इथे परत यायची भीती वाटते. त्या गॅरेजची भीती वाटते."

मला त्या मोहरीच्या वाटीची आठवण झाली होती आणि तरीही राग गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवशी तो परत गेला नाही. सकाळी येतो असा तिकडे फोन केला आणि घरी आला. भांडण ओटाहुहुपर्यंत गाडीत चाललं, खिचडीच्या वेळी चाललं, रेवाने कानांवर उशी धरून "कॅन यू गाइज प्लीज स्टॉप?" म्हटलं तेव्हा थांबलं आणि तिचं दार लोटल्यावर पुन्हा सुरू झालं. त्याने ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून मी ओरडले. गिझरबद्दल सांगितलं नाही म्हणून तो ओरडला. पण अख्ख्या हंगामात पहिल्यांदा आमच्या घरात कुणी पाहुणा नव्हता.

म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. ठरवायला आम्हाला अजून कितीतरी महिने लागले. फोनवर भांडलो, रुसलो, एकदा तर मी त्याला येऊच नको म्हणून सांगितलं आणि तो तरीही आला. शेवटी रेवाची शाळा डिसेंबरात संपल्यावर आम्ही टौरंगाला आलो. मी टीम सोडली. निरोपाला त्यांनी केक कापला आणि मी घरी येऊन उलटी केली. मिसेस लामना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडे चांगलं यम चा नाही मिळणार," आणि तोंड वळवून ट्रॉली शोधायला लागल्या. आता इथे बंदराजवळच्या छोट्या ऑफिसात मी काम करते. लोक चांगले आहेत. पण तिथे माझं बूड अजून टेकलेलं नाही. प्रसादला ते ठाऊक आहे, कारण मी ते सांगते, वेळीअवेळी, भाजी चिरताना, ट्रक जाताना. तो ऐकतो, कधी चिडतो. ऑकलंडला परत जायचं का, हा विषय आमच्या घरात संपलेला नाही आणि तो संपवायची घाई आता कुणाला नाही. माझ्या पायांतलं हे जे आहे, ते घेऊनच मी इथे राहते. काही माणसं तशी असतात.

पण मला जो रविवार सांगायचाय तो यातला नाही. तो त्या पावसानंतरचा लगेचचा.

शनिवारी प्रसादचा फोन आला. यंत्राचा मुख्य पट्टा फाटला होता, रविवारी थांबून बदलावा लागणार होता. "या वेळी जमणार नाही गं." असं याआधीही एकदोनदा झालं होतं. तेव्हा मी "काही हरकत नाही" म्हणाले होते, पाहुण्याला म्हणतात तसं. या वेळी मी नुसतं "बरं" म्हणाले.

आणि रविवारी सकाळी रेवाला मागे बसवून मी माझी गाडी काढली. कायमायचा घाट मी कधीच चालवला नव्हता. सगळे घाट मी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ओलांडले, डोळे मिटून. चढावर मागे दुधाचा टँकर लागला. दरड कोसळली होती तिथे लाल माती अजून ओली दिसत होती आणि एकाच बाजूने गाड्या सोडत होते. रेवा म्हणाली, "आई, यू आर डुइंग रिअली गुड." माथ्यावर आल्यावर ढग अचानक संपले. खाली बागांच्या हिरव्या चौकटी, त्यापलीकडे बंदर, त्यापलीकडे समुद्र. ऊन होतं. खरंच होतं.

पॅकहाउसच्या दारात एका बाईने आम्हाला पिवळी जाकिटं आणि केसांना जाळ्या दिल्या. आत यंत्र थांबलेलं होतं. लांबच लांब, दोन मजली, आणि त्याच्या पन्हाळींमध्ये हजारो फळं गप्प पडून होती. पंधरावीस माणसं हाताची घडी घालून उभी होती. यंत्राच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. ते बूट मी ओळखले.

"ट्राय नाउ!" आतून प्रसाद ओरडला.

कुणीतरी बटण दाबलं. पट्टा थरथरला, अडला, आणि मग सरकायला लागला. फळं हलली, गडगडत पुढे निघाली, कॅमेऱ्यांखालून एकेक सुटी होऊन धावू लागली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. प्रसाद सरपटत बाहेर आला. एकाने हात देऊन त्याला उभं केलं, दुसऱ्याने पाठीवर थाप मारली. त्याच्या कपाळावर ग्रीस होतं आणि तो हसत होता. आमच्यासाठी रविवारी हसायचा तसा नाही. हे हसू मी फेब्रुवारीनंतर बघितलं नव्हतं. कदाचित त्याच्याही आधीपासून बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि आत कुठेतरी खुपलंही, कारण ते माझ्याशिवाय परत आलं होतं.

मग त्याची नजर आमच्याकडे वळली. हसू क्षणात उतरलं. हातातला पाना खाली टाकून तो धावतच आला.

"काय झालं?" त्याने माझे दोन्ही दंड धरले. ग्रीसचे हात पिवळ्या जाकिटावर उमटले. "मेधा, काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"काही नाही झालं," मी म्हणाले. "रविवार आहे."